पार्श्वसंगीताचा अल्बम विकत घ्यावा की नुसता ऐकून सोडावा?

प्रश्न: मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. सीडी प्लेअर घरात आधीपासून आहे, टर्नटेबल नुकताच घेतला. सिनेमाचं पार्श्वसंगीत आवडतं, पण दोनदा फसले. एकदा आणलेल्या अल्बममध्ये सिनेमात ऐकलेलं संगीतच नव्हतं, आणि एकदा जुनी तबकडी नुसती करकरत राहिली. महिन्याला दोन-अडीच हजार बाजूला काढते. त्यात काय घ्यावं, काय सोडावं, हे कसं ठरवायचं?

उत्तर: तुमच्या दोन्ही फसगती वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. पहिलीत चुकीचं ध्वनिमुद्रण घरी आलं, दुसरीत बरोबर ध्वनिमुद्रणाची खराब प्रत आली. म्हणून पैसे काढण्याआधी एकच गोष्ट पक्की करायची: या पाकिटात नेमकं काय वाजतंय? सिनेमा किती आवडला, चाल किती ओठांवर आहे, कव्हर किती देखणं आहे, हे सगळं त्यानंतर.

आपल्याकडचा घोळ शब्दापासूनच सुरू होतो. हिंदी-मराठीत ‘सिनेमाचा अल्बम’ म्हणजे गाणी. कव्हरवर ‘ओरिजिनल मोशन पिक्चर साउंडट्रॅक’ असं ठळक छापलेलं असलं तरी आत गाणीच असतात. ‘सैराट’चं उदाहरण घ्या. त्याच्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं म्हणून केवढी चर्चा झाली, पण 2016 मध्ये आलेल्या अल्बममध्ये गाणी चार. वाद्यवृंद ऐकायचा तर तो त्या गाण्यांच्या सुरुवातीच्या आणि मधल्या तुकड्यांत. अल्बम उत्तमच आहे, मात्र तो पार्श्वसंगीताचा अल्बम म्हणून घेतला तर निराशा ठरलेली. ‘लगान’च्या आठ ट्रॅकमध्ये बहुतेक गाणीच आहेत, सोबत एक छोटा वॉल्ट्झ, म्हणजे पाश्चात्त्य नृत्याच्या तालातला वाद्यतुकडा. ‘बॉम्बे’च्या अल्बममध्ये ‘बॉम्बे थीम’ आहे, आणि त्या पाच-सव्वापाच मिनिटांसाठी अनेकांनी अख्खी कॅसेट घेतली. ‘शोले’च्या पॉलिडॉर कंपनीच्या एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर, गाण्यांबरोबर शीर्षकसंगीत आहे. बाकीचं पार्श्वसंगीत हवं असेल तर संवादांची जी वेगळी एलपी निघाली, तिच्यावर ते संवादांखाली दबलेलं ऐकू येतं. ‘तुंबाड’च्या बाबतीत मात्र वाटणी सरळ आहे: शीर्षकगीत अजय-अतुल यांचं, पार्श्वसंगीत जेस्पर कीड यांचं. नावं बघूनच घ्या, म्हणजे एकाच्या ओढीनं दुसऱ्याचं घरी येणार नाही.

ट्रॅकची यादी वाचायची सवय लावून घ्या. प्रत्येक ओळीपुढे गायकाचं नाव असेल तर तो गाण्यांचा अल्बम. एक-दोन ओळींपुढे ‘थीम’ किंवा ‘इन्स्ट्रुमेंटल’ लिहिलेलं असेल, तर पार्श्वसंगीत तेवढंच. त्यातही ‘इन्स्ट्रुमेंटल’ म्हणजे बरेचदा गाण्याचीच चाल बासरीवर किंवा गिटारवर वाजवलेली असते, प्रसंगासाठी रचलेला तुकडा नसतो. ‘ओरिजिनल स्कोअर’ किंवा ‘ओरिजिनल बॅकग्राउंड स्कोअर’ हे शब्द असतील तर खरा माल असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. इंग्रजी सिनेमांच्या अल्बमवर ‘म्युझिक फ्रॉम अँड इन्स्पायर्ड बाय’ असं दिसलं की सावध. ‘इन्स्पायर्ड’मध्ये वाटेल ते घुसवलेलं असतं.

आता मुख्य मुद्दा: संगीत तेच, पण ध्वनिमुद्रण तेच आहे का?

‘जॉज’चा 1975 चा अल्बम संगीतकार जॉन विल्यम्स यांनी तबकडीसाठी वेगळा वाजवून घेतला होता. सिनेमात वाजणारी मूळ मुद्रणं 2000 मध्ये डेका कंपनीच्या सीडीवर आली. ‘ब्लेड रनर’चा घोळ याहून मोठा. सिनेमा 1982 चा, संगीत व्हँगेलिस यांचं, बहुतेक सिंथेसायझरवर. त्या वर्षी जी एलपी निघाली ती न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्राची होती, म्हणजे त्याच चाली दुसऱ्यांनी वाजवलेल्या. व्हँगेलिस यांचा स्वतःचा अल्बम 1994 ला आला आणि त्यात मधूनमधून सिनेमातले संवादही आहेत. जुन्या बाजारात 1982 ची एलपी ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवली जाते. छपाई म्हणून ती मूळच आहे, संगीत म्हणून नाही.

पुनर्मुद्रण, म्हणजे तेच संगीत पुन्हा वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण, आपोआप दुय्यम असतं, असंही समजू नका. ‘सायको’ 1960 चा. त्याचे संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी स्वतः 1975 मध्ये नॅशनल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून त्याचं संगीत पुन्हा वाजवून घेतलं, पण लय सिनेमापेक्षा बरीच संथ ठेवली. 1997 मध्ये जोएल मॅकनीली यांनी रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं मुद्रण स्वच्छ आहे आणि रोजच्या ऐकण्याला जास्त सोयीचं. मूळ फिती हरवल्या किंवा खराब झाल्या असतील तर चांगलं पुनर्मुद्रण हाच शहाणा पर्याय. फक्त ते पुनर्मुद्रण आहे हे आपल्याला घेताना माहीत असावं. ओळखायची खूण सोपी: मागच्या बाजूला वाद्यवृंद, संचालक आणि मुद्रणाचं वर्ष बघा. मुद्रणाचं वर्ष सिनेमाच्या वर्षापेक्षा बरंच नंतरचं असेल, तर ते सिनेमातलं नाही.

जुन्या हिंदीत याच रोगाची देशी रूपं आहेत. एक म्हणजे ‘व्हर्जन’, चाल मूळ आणि आवाज भलत्याचा. कॅसेटच्या जमान्यात याचं अमाप पीक आलं. गायकाचं नाव बारीक अक्षरात असतं, ते शोधा. दुसरं ‘झंकार बीट्स’, म्हणजे मूळ मुद्रणावर नवा इलेक्ट्रॉनिक ठेका चढवलेला. तो एकदा चढला की प्रेल्यूडमधली, म्हणजे गाण्याआधीच्या वाद्यतुकड्यातली, व्हायोलिनं त्याखाली चिरडली जातात, आणि पार्श्वसंगीताच्या रसिकाला हवी असतात ती नेमकी व्हायोलिनंच. कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. श्रेयनामावलीतही गोंधळ असतो: ‘पाकीजा’ची गाणी प्रामुख्यानं गुलाम मोहम्मद यांची, पण 1968 मध्ये ते गेले आणि पार्श्वसंगीत नौशाद यांनी पूर्ण केलं. कव्हरवरचं एक नाव वाचून पार्श्वसंगीत कोणाचं ते ठरवता येत नाही.

लांबीबद्दलही बोललं पाहिजे, कारण ‘एक्स्पान्डेड’, ‘कम्प्लीट’, ‘डीलक्स’ या शब्दांवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. अमेरिकेत वाजवलेलं संगीत अल्बमवर आणायचं तर वादकांच्या संघटनेच्या नियमानुसार वादकांना पुन्हा पैसे द्यावे लागत, आणि मिनिटं वाढली की रक्कम वाढे. म्हणून 1980 आणि 90 च्या दशकांतले कितीतरी अल्बम अर्ध्या तासातच आटोपलेले दिसतात. त्यात खरोखर महत्त्वाचे तुकडे गाळले गेले. इंट्राडा, ला-ला लँड, क्वार्टेट यांसारख्या कंपन्या आता त्यांच्या वाढीव आवृत्त्या काढतात, बहुधा मर्यादित प्रतींत. अशा अर्ध्या तासाच्या अल्बमची वाढीव आवृत्ती घेण्यात अर्थ आहे. मुळातच सत्तर मिनिटांच्या अल्बमची तीन सीडींची आवृत्ती घेताना मात्र दोनदा विचार करा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाचा 2001 चा अल्बम एका सीडीचा. 2005 ची ‘कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज’ तीन सीडींची, जवळपास सिनेमाइतकीच लांब. संगीतकार हॉवर्ड शोअर यांची सूत्रं, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या चाली, कशी गुंफली आहेत याचा अभ्यास करणाऱ्याला ती सोन्यासारखी. रविवारी संध्याकाळी चहाबरोबर ऐकणाऱ्याला पहिलीच पुरते, आणि ती मांडणीनंही जास्त बांधेसूद आहे.

उलट उदाहरण ‘इंटरस्टेलर’चं. 2014 च्या मूळ सोळा ट्रॅकच्या अल्बममध्ये यान फिरत्या तळाला जोडतानाच्या प्रसंगाचं संगीत नाही. पुष्कळांना हवा असतो तोच तुकडा. ‘नो टाइम फॉर कॉशन’ हे त्याचं नाव, ते वाढीव आवृत्तीत सापडेल. तेव्हा कुठलाही अल्बम घेण्याआधी तुम्हाला हव्या असलेल्या प्रसंगाच्या तुकड्याचं नाव शोधा आणि ते याच आवृत्तीच्या यादीत आहे का ते पडताळा. (तुकड्यांची नावं कधीकधी सिनेमाचा शेवटच फोडतात. सिनेमा पाहिला नसेल तर यादी वाचायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगा.)

आता ऐकून पारखणं. स्ट्रीमिंगवर अल्बम असेल तर आधी तिथे दोनदा ऐका, चित्राशिवाय, क्रमानं, पडद्याकडे न बघता. ठाणे–वाशी ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये ही चाचणी करू नका. गाडीच्या खडखडाटात चेलोचे हळू स्वर बुडतात, फक्त ढोल-ताशे ऐकू येतात, आणि तुम्ही दणदणीत पण पोकळ अल्बमला चांगलं म्हणून बसाल. रात्री साडेनऊनंतर, पंखा एकवर ठेवून ऐका.

पहिल्या ऐकण्यात सिनेमाची आठवण ऐकत असते, तुम्ही नाही. म्हणून निवाडा दुसऱ्या वेळचा धरायचा, मधे तीन-चार दिवस जाऊ देऊन. ऐकताना कागदावर फक्त ट्रॅकचे क्रमांक लिहा: थांबून ऐकावे वाटले ते, आणि हात फोनकडे गेला ते. दीड मिनिटाच्या आतले तुकडे किती आहेत ते मोजा. तीस तुकड्यांच्या अल्बममध्ये वीस तुकडे असे छोटे असतील, तर संगीत रंगायच्या आत संपतं. सिनेमात तो गुण असतो, घरी ऐकताना दोष. चांगला अल्बम संगीतकारानं किंवा निर्मात्यानं तुकडे जोडून, क्रम बदलून बांधलेला असतो. क्रम सिनेमातल्यापेक्षा वेगळा दिसला तर नाराज होऊ नका, ते बरेचदा काळजीचं लक्षण असतं. एकच सूत्र सात वेळा, वाद्य बदलूनसुद्धा न बदलता आलं, तर मात्र तो एका ट्रॅकचा अल्बम आहे. तो ट्रॅक डिजिटल घ्या आणि पुढे चला.

मग हिशोब. समजा एलपी 2,400 रुपयांची, 42 मिनिटांची. सगळी ऐकणार असाल तर मिनिटाला 57 रुपये पडले. खुणा केलेले ट्रॅक मिळून 14 मिनिटंच भरत असतील तर मिनिटाला 171. पैशांत मोजलं की मोह बराच उतरतो. एक तृतीयांशापेक्षा कमी आवडलं तर घेऊ नये, हा माझा ढोबळ नियम. अपवाद एकच: जे स्ट्रीमिंगवर भारतात मिळतच नाही किंवा अर्धंच मिळतं.

टर्नटेबल नवा आहे म्हणून सगळं एलपीवरच घ्यायची घाई नको. वाद्यवृंदाच्या पार्श्वसंगीताला सीडी जास्त मानवते, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा संगीतात सेकंदांच्या शांतता असतात, एकटी बासरी असते, आणि तिथेच तबकडीची चरचर पुढे येते. शिवाय एलपीच्या आतल्या खाचांत, म्हणजे बाजू संपत येते तिथे, मोठा आवाज फाटतो. सिनेमाचा उत्कर्षबिंदू नेमका बाजूच्या शेवटी आला की वादळाच्या जागी खरखर मिळते. बाजूची लांबी बघा: 18 ते 22 मिनिटं चांगली, 25 च्या वर गेली की आवाजाची पातळी खाली आणावी लागते. मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगाच्या दुहेरी एलपीचा आवाज छान असतो, पण दर दहा-बारा मिनिटांनी उठून बाजू पालटायची तयारी हवी. ‘180 ग्रॅम’ हे वजन आहे, आवाजाची हमी नाही. चित्र छापलेल्या तबकड्या भिंतीवर शोभतात, वाजवताना जास्त खरखरतात.

एलपी घ्यावी ती 1960–70 च्या दशकांतल्या हिंदी-मराठी संगीताची, जिथे ते मुद्रण त्याच माध्यमासाठी झालं होतं. एचएमव्हीच्या तबकडीवर क्रमांकाआधी ‘ईसीएलपी’ असेल तर मोनो, ‘ईसीएसडी’ असेल तर स्टीरिओ. मोनोला नाक मुरडू नका, जुन्या मुद्रणाचं मोनोच बहुधा जास्त भरीव वाजतं.

जुन्या सीडी घेताना खालची बाजू उजेडात धरा. निळसर-हिरवट झाक असेल तर ती घरी कोरलेली प्रत असू शकते. छापील बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक, कारण परावर्तक थर तिथे लगेच खाली असतो. उजेडापुढे धरून टाचणीएवढी भोकं दिसली तर परत ठेवा. ‘50 गाणी एका सीडीत’ असं लिहिलेली सीडी एमपीथ्रीची असते. आवाज दाबलेला, घेऊ नये. कॅसेटबद्दल इतकंच: खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालू नका, हेडवरून ती पुढच्या कॅसेटला लागते.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान 2016 मध्ये बंद झालं, तेव्हापासून उभ्या उभ्या ऐकून घेण्याची सोय फारशी उरली नाही. जुन्या तबकड्यांसाठी चोरबाजार आहेच. ठाण्याहून स्लो लोकलनं किंवा वाशीहून हार्बरनं सँडहर्स्ट रोडला उतरा, तिथून मटन स्ट्रीट चालत. जवळ शोधायचं तर नौपाडा, पाचपाखाडीकडच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जाताना माळ्यावरचे साठे बाहेर पडतात, रद्दीवाल्याला सांगून ठेवलेलं बरं. नवी मुंबईतली वस्तीच सिडकोनंतरची, म्हणून तिकडच्या घरांतून कॅसेटी आणि सीडी निघण्याची शक्यता जास्त.

दुकानात वाजवून बघता आलं नाही तर डोळ्यांनी आणि नखानं पारखा. आधी कव्हरवरचा क्रमांक आणि लेबलवरचा क्रमांक जुळतो का बघा, पाकिटात भलतीच तबकडी असणं फार नेहमीचं आहे. मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. केसासारखे बारीक चरे दिसतात पण नखाला लागत नाहीत, ते चालतात. नखाला लागणारा चरा टकटक करणारच. 33⅓ च्या वेगाला एक फेरा 1.8 सेकंदांचा, म्हणजे दहा खाचांना ओलांडणारा चरा सुमारे 18 सेकंद टकटकणार. खाचांचा मूळ काळा तुकतुकीतपणा जाऊन त्या राखाडी दिसत असतील तर जड, झिजलेल्या सुईनं ती तबकडी खरवडलेली आहे. हे सगळ्यात वाईट, कारण धुवून जात नाही. तुमची करकरणारी तबकडी बहुधा यातलीच असेल. मधल्या भोकाभोवती लेबलवर पांढऱ्या रेघांचं जाळं असेल तर ती पुष्कळदा लावली गेली आहे. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाक बघा.

ढगासारखे पांढुरके डाग म्हणजे बुरशी. खाडीकाठच्या हवेत ती जून ते सप्टेंबरात हमखास येते, आणि ती धुतली जाते. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या सौम्य लिक्विडचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर, खाचांच्या दिशेनं गोल पुसायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत वाळतात. आतलं कागदी पाकीट फेकून द्या, नाहीतर महिन्याभरात बुरशी परत. 78 ची लाखेची तबकडी मिळाली तर तिला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अजिबात लावू नका, लाख विरघळते. आणि ती तुमच्या एलपीच्या सुईनं वाजवूही नका. 78 च्या खाचेला 65 ते 75 मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीचं 25 किंवा त्याहून बारीक.

ऑनलाइन नवी एलपी मागवताना, विशेषतः पावसाळ्यात, विक्रेत्याला दोन गोष्टी लिहून कळवा: तबकडी कव्हरच्या बाहेर, आतल्या पाकिटात ठेवून पाठवा, आणि सगळ्यावर प्लास्टिक चढवा. तबकडी कव्हरमध्येच राहिली तर वाटेतल्या आदळआपटीत तिची कड कव्हरची शिवण फाडते. परदेशातून मागवलीत तर किमतीत टपाल, सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच मिनिटांचा हिशोब करा. पार्सल सोसायटीच्या गेटवर उन्हात किंवा गाडीच्या डिकीत पडू देऊ नका, दुपारच्या बंद गाडीत एलपी वाकते.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपायच्या आत दोन्ही बाजू पूर्ण वाजवा. काही सेकंद एकाच कानात फाटल्यासारखा ‘झर्रर्र’ आवाज आला तर साच्यात प्लास्टिक नीट भरलं गेलेलं नाही. तो दोष धुवून जात नाही, परत करा. पियानो किंवा बासरीचा लांब स्वर वर-खाली हेलकावत असेल तर तबकडी फिरताना टोनआर्मकडे, म्हणजे सुईच्या दांड्याकडे, वरून बघा. दर फेऱ्याला तो डावी-उजवीकडे डुलत असेल, तर भोक मध्यावर पाडलेलं नाही. त्या डुलण्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ तक्रारीला जोडा, नुसतं ‘आवाज खराब आहे’ लिहिलं तर विक्रेता सुईवर ढकलून मोकळा होतो.